लिव्हरचा पेशंट अचानक गोंधळल्यासारखा वागतोय? घरच्यांनी काय बघायचं, काय करायचं

घरात लिव्हर सिरोसिसचा (लिव्हर कडक होऊन हळूहळू निकामी होण्याचा आजार) पेशंट असेल तर सगळ्यात आधी त्याच्या झोपेवर लक्ष ठेवा. दिवसभर पेंगतोय आणि रात्री टक्क जागा, तेच तेच विचारतोय, उगाच चिडतोय, सही वेडीवाकडी यायला लागली, हे "वय झालं आता" म्हणून सोडून देऊ नका, ही हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथीची, म्हणजे लिव्हर बिघडल्यामुळे मेंदूवर होणाऱ्या परिणामाची सुरुवात असू शकते. दोन्ही हात समोर सरळ धरून पंजे वर वळवायला सांगा, कुणाला थांब म्हणताना धरतो तसे. पंजे मधेच फडफडून खाली पडत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

होतं काय, की आतड्यात अमोनिया हा मेंदूला घातक पदार्थ तयार होतो, एरवी लिव्हर त्याचं युरिया करून टाकतं, पण लिव्हर थकलं की तो रक्तातून थेट मेंदूपर्यंत पोचतो. आणि बहुतेक वेळा काहीतरी निमित्त असतं: बद्धकोष्ठता, इन्फेक्शन, पोटात रक्तस्राव, लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम कमी होणं, झोपेची गोळी. निमित्त शोधणं हीच अर्धी ट्रीटमेंट आहे.

मुख्य औषध लॅक्टुलोज. इथेच सगळ्यात जास्त गडबड होते, कारण पेशंटला वाटतं हे साधं जुलाबाचं औषध, पोट साफ झालं की बंद. तसं नाही! दिवसाला २-३ वेळा मऊ शौचाला व्हायला हवं, त्या हिशोबाने डॉक्टर डोस ठरवतात, म्हणून वहीत रोज किती वेळा झाली ते लिहून ठेवा. कमी झाली तर अमोनिया साठतो, आणि पाण्यासारखे जुलाब झाले तर अंगातलं पाणी कमी होऊन त्रास उलट वाढतो. असे गोंधळाचे अटॅक परत परत येत असतील तर सोबत रिफॅक्झिमिन हे अँटिबायोटिक देतात, साधारण ५५० मिग्रॅ दिवसातून दोनदा.

प्रोटीन बंद करू नका, कळकळीने सांगते. तो जुना सल्ला आहे. स्नायूसुद्धा अमोनिया कमी करायला मदत करतात, त्यामुळे पेशंट वाळला की आजार अजून बिघडतो. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं, थोडं थोडं करून द्या, आणि रात्री झोपण्याआधी काहीतरी खायला द्याच, रिकाम्या पोटी लांब रात्र नको.

गाडी चालवू देऊ नका, बरा वाटला तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. आणि हाक मारून नीट जागा होत नसेल, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर तोंडात औषध ओतत बसू नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जाऊ शकतं, कुशीवर झोपवा आणि सरळ इमर्जन्सीत न्या.