जपानमध्ये रात्री प्यायला बसायचंय? आधी बसण्याचे पैसे समजून घ्या

जपानला निघालेले लोक बहुतेक वेळा एकच विचारतात, तिथे दारू लई महाग आहे का? दारू महाग नाहीये. बसण्याचे पैसे मात्र वेगळे लागतात, आणि ते कुठे किती लागतात हे एकदा डोक्यात बसलं की रात्रभर टेन्शन नाही. फसवणारे पण याच गोष्टीवर फसवतात त्यामुळे सगळं त्याच अंगाने सांगतो.

सुरुवात इझाकायापासून करा. इझाकाया म्हणजे खाणं आणि पिणं एकत्र चालणारा तिथला रोजचा अड्डा, ऑफिस सुटलं की माणसं टाय सैल करून तिथेच येऊन बसतात. आत शिरलं की किती जण आहात ते बोटांनी दाखवायचं आणि ते सांगतील तिथे बसायचं, रिकामं टेबल दिसलं म्हणून आपणच जाऊन बसायचं नाही. बसल्या बसल्या हात पुसायला ओला टॉवेल येतो आणि त्याच्या मागोमाग एक छोटी वाटी येते जी तुम्ही मागवलेलीच नसते, त्यात कधी शिजवलेला मुळा, कधी बटाट्याचं सॅलड, कधी बारीक मासे. हिला तोक्योकडे ओतोशी म्हणतात आणि ओसाकाकडे त्सुकिदाशी. बिलात हिचे साधारण माणशी ३०० ते ५०० येन लागतात, चांगल्यातल्या जागी जास्त पण लागतात. बरेच टुरिस्ट इथे भांडायला उठतात की आम्ही हे मागितलंच नव्हतं. भांडू नका, ते तुमच्या खुर्चीचं भाडं आहे, तिथले लोक पण देतात. आणि त्या देशात टिप नसते हे लक्षात घेतलं तर हिशेब काही वाईट नाही. टेबलावर सुट्टे ठेवून निघालात तर विसरलात समजून पोरगा मागे धावत येतो परत द्यायला.

पहिली ऑर्डर लगेच द्यायची असते, मेन्यू वाचत बसायचं नाही. तिथे सगळ्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "तोरिआएझु नामा", म्हणजे आधी एक ड्राफ्ट बिअर आणा मग बघू. सगळ्यांचे ग्लास आल्याशिवाय कोणी तोंड लावत नाही, मग कानपाई म्हणजे तिथलं चिअर्स, मग प्यायचं. बिअरची मोठी बाटली मागवली तर स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा तुम्ही भरा, तुमचा तो भरेल, आणि कोणी ओतत असेल तेव्हा ग्लास हातात उचलून धरायचा, वयाने मोठा माणूस असेल तर दोन्ही हातांनी. बास झालं असेल तर ग्लास भरलेला राहू द्या, रिकामा दिसला की कोणीतरी भरणारच. वेटरला बोलवायला टेबलावर बटण असतं किंवा टॅबलेट असतो, नाहीतर मोठ्याने "सुमिमासेन" अशी हाक मारायची, तिथे ते अजिबात उद्धट समजत नाहीत. बिलासाठी "ओकाइकेइ" म्हणायचं किंवा दोन तर्जन्यांची फुली करून दाखवायची. छोट्या जागांसाठी खिशात कॅश ठेवाच.

न पिणाऱ्यांनी पण बिनधास्त जावं. ऊलोंग चहा सगळीकडे मिळतो, नॉन-अल्कोहोलिक बिअर पण जवळपास सगळीकडे मिळते, आणि कानपाईला चहाचा ग्लास उचलला तरी कोणी काही बोलत नाही. फक्त माणशी एक ड्रिंक घ्यायचं असतं एवढं पाळा.

शाकाहारी असाल तर थोडं सांभाळून, कारण भाजीच्या पदार्थात पण दाशी नावाचा रस्सा असतो आणि तो बहुतेक वेळा सुक्या माशाचा असतो. तळलेल्या टोफूवर ओततात तो रस्सा तोच, आणि त्या मागवलेल्या नसलेल्या वाटीत पण तोच असू शकतो. त्यातल्या त्यात बिनधोक म्हणजे मिठातल्या एदामामे शेंगा, कापलेला गार टोमॅटो, काकडी, भाजलेली सिमला मिरची आणि शिइताके मशरूम फक्त मीठ लावून, "शिओ" म्हणून सांगायचं. थंड टोफू मस्त लागतो पण त्यावर माशाचे पातळ काप भुरभुरवतात, ते नको असतील तर "कात्सुओबुशी नुकी दे" म्हणा. कडक पाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्या की शेगडी आणि तळणीचं तेल वेगळं नसतं, त्यामुळे आधी जेवून जाणं बरं.

आता प्यायचं काय. हायबॉल म्हणजे व्हिस्की-सोडा, स्वस्त आणि सगळीकडे. लेमन सावर म्हणजे शोचू (तिथली गाळलेली कडक दारू), सोडा, लिंबू, पहिल्यांदा जाणाऱ्याला हेच सांगेन कारण तेलकट खाण्याबरोबर फारच छान जातं. शोचूचं पण एक वेगळं जग आहे, कागोशिमाची रताळ्याची, कुमामोतोच्या हितोयोशीकडची तांदळाची, आणि ओकिनावाला गेलात तर आवामोरी. तोक्योतल्या आसाकुसाला होप्पी म्हणून एक प्रकार प्या, १९४८ पासूनचा आहे, बिअरसारखं जवळपास बिनदारूचं पेय बाटलीत येतं आणि शोचू वेगळी ग्लासात येते, आपणच मिसळायचं, ग्लास संपला की फक्त आतली शोचू परत मागवायची, त्याला "नाका" म्हणतात.

पण माझं मन साकेवर, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या दारूवर आहे. जपानमध्ये साके मागताना "निहोनशू" म्हणायचं. कोजी म्हणजे धान्यावर वाढवलेली बुरशी वापरून साके, शोचू, आवामोरी बनवायच्या पारंपरिक पद्धतीला २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली आणि ते योग्यच झालं. लेबलवर जुनमाई लिहिलं असेल तर वरून अल्कोहोल घातलेलं नसतं. दाइगिंजो असेल तर तांदळाचा दाणा निम्मा तरी घासून काढलेला असतो, म्हणून त्याला फळासारखा वास येतो, ती गारच प्या, गरम करून वास घालवू नका. थंडीत साधी जुनमाई गरम करून मागवा, "आत्सुकान". काही ठिकाणी ग्लास एका चौकोनी लाकडी पेटीत ठेवतात आणि तुमच्या समोर बाटली वाकडी करून ओततच राहतात, ग्लास काठोकाठ भरतो, सांडतो, पेटी पण भरत येते, तेव्हा कुठे थांबतात. घाबरून ग्लास उचलू नका, सगळं अंगावर येईल. आधी मान खाली घालून तोंडच ग्लासापाशी न्यायचं, एक घोट ओढायचा, मग ग्लास उचलून बूड टॉवेलला टेकवायचं, आणि अर्धा ग्लास संपला की पेटीतलं सांडलेलं त्यात ओतून घ्यायचं. ते सांडणं दुकानदाराचा दिलदारपणा आहे, तो वाया घालवायचा नाही. बरोबर पाणी मागायला लाजू नका, "ओमिझु" म्हटलं की फुकट देतात.

नोमिहोदाई म्हणजे ठरलेल्या वेळात हवं तेवढं प्या, बहुतेक ९० मिनिटं किंवा दोन तास, साधारण १५०० ते २५०० येन. टेबलावरच्या सगळ्यांनी घ्यावं लागतं, आणि शेवटची ऑर्डर वेळ संपायच्या बरीच आधी घेतात, बऱ्याचदा अर्धा तास. तीन-चार ग्लास पिणारे नसाल तर परवडत नाही आणि वसूल करायच्या नादात दुसरा दिवस जातो. मी तरी सांगेन की एका जागी दोन ग्लास, थोडं खाणं, बिल, आणि पुढची जागा. तिथले लोक असंच फिरतात. उभ्याने प्यायच्या जागा असतात, ताचिनोमी, तिथे अनेकदा बसण्याचे पैसेच नसतात, म्हणून सुरुवात तिथून करा.

इझाकायातून बाहेर पडून छोट्या बारमध्ये गेलात की भाडं वाढतं. तोक्योतल्या शिंजुकूचं गोल्डन गाई म्हणजे अरुंद गल्ल्यांमध्ये दोनशेच्या वर बार, एकेकात जेमतेम सहा-आठ खुर्च्या, युद्धानंतरच्या काळातली वस्ती आहे आणि अजून टिकून आहे याचंच मला कौतुक वाटतं. इथे माणशी ५०० ते १५०० येन चार्ज असतो, बऱ्याच ठिकाणी दारावर लिहिलेला असतो, काही ठिकाणी अजिबात नसतो. नसेल लिहिलेला तर दार अर्धं उघडून विचारायचं, "चाआजी वा इकुरा देस का". काही दारांवर फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी असं लिहिलेलं असतं, राग मानू नका, सहा खुर्च्यांमध्ये मालकाला आपली माणसं सांभाळायची असतात. दोघं जा, फार तर तिघं, सहा जणांचा ग्रुप घेऊन गेलात तर कुठेच बसता येणार नाही. एकच ड्रिंक घेऊन दोन तास बसायचं नाही, आणि गल्लीत फोटो-व्हिडिओला मनाई आहे ती पाळा. स्नॅक नावाचे बार वेगळे, तिथे काउंटरमागे मामा म्हणजे बार चालवणारी बाई असते, कराओके असतो, चार्ज दोन-तीन हजार येनच्या घरात जातो, जपानी येत नसेल तर ओळखीच्या माणसाबरोबरच जा. गिंझातल्या कॉकटेल बारमध्ये पण हजार-दोन हजार चार्ज धरून चाला, पण तिथला बारटेंडर बर्फ कसा कापतो ते बघायला मिळतं.

आता हे नीट वाचा. तोक्योतल्या काबुकिचो आणि रोप्पोंगीला रस्त्यावर माणसं गाठतात, गोड बोलतात, तासाला ३००० येन, हवं तेवढं प्या, या या. जायचं नाही. कधीच नाही. कितीही सभ्य दिसला तरी नाही. एक नेहमीची युक्ती अशी की तुम्ही नावाजलेल्या चेनच्या दारात उभे असता, एकजण येऊन सांगतो की आमच्याकडे फुल आहे, शेजारच्या आमच्याच दुसऱ्या शाखेत चला, आणि ती शाखा वगैरे काही नसते. वर गेल्यावर खुर्चीचे, सर्व्हिसचे, वीकेंडचे, बरोबर बसलेल्या मुलीच्या ड्रिंकचे असे सगळे चार्ज लावून बिल लाखो येनच्या घरात नेतात. याला बोत्ताकुरी म्हणतात आणि काबुकिचोत तर लाउडस्पीकरवरून सतत सूचना चालू असते की रस्त्यावर बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. डेटिंग ॲपवर ओळख झालेली मुलगी पहिल्याच भेटीत तिच्या ठरलेल्या बारमध्ये चल म्हणाली तरी तोच संशय घ्या. ड्रिंकमध्ये काहीतरी मिसळून कार्ड वापरल्याच्या तक्रारींमुळे अमेरिकन दूतावासाने पण आपल्या लोकांना सावध केलंय. ग्लास सोडून टॉयलेटला जाऊ नका, जाऊन आलात तर नवीन ड्रिंक घ्या. अडकलात तर कार्ड हातातून सोडू नका, जवळच्या कोबान म्हणजे पोलीस चौकीत जाऊ म्हणा, नाहीतर ११० लावा.

दुसरी गोष्ट घड्याळ. तोक्योत शेवटच्या ट्रेन साधारण बारा ते साडेबाराच्या आसपास संपतात, बदलायची गाडी असेल तर आणखी आधी निघावं लागतं, आणि पहिली ट्रेन साडेचार-पाचला. मधल्या वेळात टॅक्सी, जिला रात्री १० ते पहाटे ५ वीस टक्के जास्त लागतात, हॉटेल लांब असेल तर सहज दहा हजार येन जातात. म्हणून हॉटेल प्यायच्या भागात चालत जाता येईल असं घ्या. चुकलीच गाडी तर कराओकेचं रात्रभराचं पॅकेज घ्या, गाणी म्हणा नाहीतर सोफ्यावर पडा, किंवा मांगा कॅफे म्हणजे रात्रभर बसता येणारे कॉमिक्सचे कॅफे, झोपायच्या छोट्या खणांची कॅप्सूल हॉटेल आहेतच.

नियम थोडे आहेत पण पक्के आहेत. दारूचं वय २०, सज्ञान व्हायचं वय २०२२ ला १८ केलं तरी दारूचं २० च ठेवलं. पासपोर्ट खरा जवळ ठेवा, क्लबमध्ये फोटोकॉपी चालत नाही. रस्त्यात, बागेत प्यायला सहसा बंदी नाही, पण तोक्योतल्या शिबुया स्टेशनच्या आसपास ऑक्टोबर २०२४ पासून संध्याकाळी ६ ते पहाटे ५ वर्षभर मनाई आहे. आणि पिऊन सायकल चालवू नका, नोव्हेंबर २०२४ पासून त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड आहे, भाड्याच्या सायकलवर फिरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. निघण्याआधी कोनबिनीतून म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानातून हळदीच्या अर्काची छोटी बाटली घेऊन पितात तिथले लोक, उकोन नावाने मिळते, हँगओव्हर होऊ नये म्हणून. खरा उपाय पाणीच.

तोक्योच्या बाहेर पण वेळ काढा. निइगाता स्टेशनात पोनशुकान म्हणून जागा आहे, पैसे भरून टोकन घ्यायची आणि भिंतीतल्या मशीनमधून त्या भागातल्या वेगवेगळ्या साके एकेक घोट चाखायच्या. आणि फुकुओकाला गेलात तर नदीकाठी, नाकासूला, रात्री याताई लागतात, रस्त्यावरच्या गाड्या, दहाएक माणसं खांद्याला खांदा लावून बसतात आणि अर्ध्या तासात शेजाऱ्याशी गप्पा सुरू होतात. दरफलक लावलेली गाडी निवडा, माणशी निदान एक पदार्थ आणि एक ड्रिंक घ्या, बाहेर लोक थांबलेले दिसले की उठा, आणि गाडीवर टॉयलेट नसतं त्यामुळे ते आधीच उरकून या.