न्यूक्लिअर मेडिसिनचं पोस्टिंग: शिरेबाहेर गेलेला डोस

किरणोत्सर्गी टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य ६ तास, फ्लोरिन-१८चं ११० मिनिटं, हे सगळं पाठ करूनच तुम्ही पोस्टिंगला येता. कॅमेऱ्याची बटणंही लवकर हाताला बसतात. कस लागतो तो इंजेक्शनच्या खुर्चीपाशी, कारण तिथली चूक चुकत असताना दिसत नाही.

सीटीचं कॉन्ट्रास्ट शिरेबाहेर गेलं की हात फुगतो, पेशंट कळवळतो. आपला किरणोत्सर्गी औषधाचा डोस बरेचदा जेमतेम अर्धा-एक मिलिलिटर. तेवढा कातडीखाली गेला तरी फुगवटा जाणवत नाही, अनेकदा दुखतही नाही. पेशंट शांतपणे बाहेर जाऊन बसतो आणि बोन स्कॅन असेल तर दोन-तीन तासांनी स्क्रीनवर दिसतं: टोचल्या जागी काळा डाग, हाडं फिकी आणि त्याच बाजूच्या काखेत एक ठळक ठिपका. तो ठिपका आजाराचा नसतो. बाहेर सांडलेला डोस लसीकावाहिन्यांतून वर चढून काखेतल्या ग्रंथीत अडकलेला असतो. पण टोचल्याची जागा कुठेच लिहिलेली नसेल, तर रिपोर्ट करणाऱ्याने हे ओळखायचं कसं?

पेट स्कॅनमध्ये नुकसान आणखी खोल जातं. एसयूव्ही, म्हणजे गाठ किती औषध शोषते याचा आकडा, काढताना नोंदवलेला सगळा डोस शरीरात फिरला असं धरलं जातं. हातात अडकलेला भागही त्यात मोजला जातो आणि गाठीचा आकडा खोटा कमी येतो. उपचारानंतरच्या स्कॅनला असं झालं, तर औषध लागू पडलं असा चुकीचा समज होऊ शकतो.

म्हणून तपासणी डोसच्या आधी. २२ किंवा २४ गेजचा कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावा. ५ ते १० मिलिलिटर सलाइन सोडताना दुसऱ्या हाताचं बोट कॅन्युलाच्या टोकाच्या वरच्या कातडीवर ठेवा. बोटाखाली उचल लागली, दट्ट्या अडला, पेशंटने तोंड वाकडं केलं, तर थांबा आणि दुसरी शीर बघा. सगळं ठीक असेल तर थ्री-वेमधून (तीन तोंडांच्या तोटीतून) डोस द्या आणि मागून १० मिलिलिटर सलाइन. नुसतं रक्त मागे आलं म्हणून निर्धास्त राहू नका. टोक अर्धवट आत असलं तरी रक्त येतं. आणि फुप्फुसांच्या स्कॅनचा एमएए (प्रथिनाचे बारीक कण असलेलं औषध) असेल तर रक्त डोसच्या सिरिंजमध्ये मुळीच ओढू नका. त्यात गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसात गडद ठिपके होऊन बसतात.

‘कॅन्युला कशाला, थेट टोच’ असं सांगणारे सीनियर भेटतील. त्यांचा हात वर्षानुवर्षं बसलेला आहे, तुमचा नाही. शिरा शोधायला वॉर्डातल्या सिस्टरांकडून शिका. रोज कठीण शिरा हाताळणाऱ्या त्याच.

सिरिंजभोवतीचं, रेडिएशन अडवणारं टंगस्टन शील्ड जड असतं, सुरुवातीला हात थरथरतो, सिरिंजवरच्या खुणाही नीट दिसत नाहीत. सगळ्यांचं होतं, घाबरू नका. पण म्हणून शील्ड काढायचं नाही. शील्डमध्ये रंगीत सलाइनची सिरिंज घालून हात बसेपर्यंत सराव करा. रिंग डोसिमीटर (बोटाला मिळणारं रेडिएशन मोजणारी अंगठी) ग्लोव्हच्या आत, तळहाताकडे तोंड करून.

दिल्यावर रिकामी सिरिंज मोजा. भरलेल्या आणि रिकाम्या सिरिंजची मोजमापं हिशेबाने एकाच वेळेला आणून मगच वजाबाकी करा, कारण मधल्या वेळात डोस घटत असतो: एफडीजीचे (पेट स्कॅनच्या फ्लोरिन-१८ असलेल्या औषधाचे) ३७० मेगाबेकरेल ३० मिनिटांत सुमारे ३०६ होतात. हॉट लॅबचं (डोस भरायच्या खोलीचं) आणि कॅमेऱ्याचं घड्याळ जुळतं का, हे रोज सकाळी बघा.

तरीही डोस बाहेर गेला तर? जातो, अनुभवी माणसाचाही जातो. लपवणं मात्र अक्षम्य. लगेच सांगा, हात आणि जागा शीटवर लिहा, टोचल्याची जागा इमेजमध्ये घ्या. किती अडकलं याचा अंदाज त्यावरूनच येतो आणि स्कॅन पुन्हा करायचा का, हे डॉक्टरांना ठरवता येतं.