पोटरीत गोळा आला? या चुका टाळा

रात्री झोपेत पोटरीत गोळा आला की बहुतेकांची पहिलीच हालचाल चुकते. कुणी कळ सोसवत नाही म्हणून गुडघा पोटाशी घेतं, कुणी आळस दिल्यासारखी पावलं खाली ताणतं. दोन्हींनी गोळा आणखी घट्ट होतो.

स्नायूला एकच काम येतं, ओढणं. आखडलेला स्नायू स्वतःहून लांब होत नाही. त्याला दुसऱ्या स्नायूनं, हातानं किंवा शरीराच्या वजनानं ताणावं लागतं. पोटरी टाच वर खेचते, म्हणून चवडा खाली जातो. चवडा वर उचलण्याचं काम नडगीलगतच्या, पुढच्या स्नायूचं. झोपेत, विशेषतः जड पांघरुणाखाली, चवडा खाली झुकलेला असतो. म्हणजे पोटरी आधीच आखूड झालेली असते, आणि अशा स्थितीत ती जोरात आवळली गेली की गाठ बसते.

म्हणून गोळा येताच गुडघा पूर्ण सरळ करा आणि चवडा स्वतःच्या ताकदीनं नडगीकडे खेचा. पुढचा स्नायू कामाला लागला की मज्जारज्जूतून पोटरीला सैल पडण्याचा इशारा जातो. जमत नसेल तर चवड्याला पंचा अडकवून दोन्ही हातांनी सावकाश ओढा. झटके देऊ नका. झटक्यानं ताणलेला स्नायू उलट आवळतो. गोळा सुटला तरी 20-30 सेकंद तसंच धरा. लगेच सोडलं की तो परत येतो, हा तर अनेकांचा अनुभव.

उकिडवं बसून ताण देणारेही पुष्कळ, आणि तिथे चूक पटकन लक्षात येत नाही. पोटरीत मुख्य थर दोन. वरचा, फुगीर दिसणारा थर गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून निघतो; आतला चपटा थर गुडघ्याखाली सुरू होतो. दोन्ही एकाच कंडरेनं टाचेला जोडलेले. गुडघा दुमडला की वरचा थर सैल पडतो आणि ताण आतल्यावरच येतो. गोळा मात्र बहुधा वरच्या थरात असतो.

हाच फरक रोजच्या व्यायामात उपयोगी पडतो. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, टाच जमिनीला, गुडघा ताठ, 30 सेकंद. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा 30. प्रत्येक पायाला असं 3 वेळा. मागचं पाऊल बाहेर वळू देऊ नका, बोटं भिंतीकडेच हवीत. पाऊल वळलं की ताण निसटतो.

मनानं कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू करू नका. वयस्कर माणसांच्या पोटरीत रात्री येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग दिसलेला नाही. उन्हात खूप घाम गेला असेल तर नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा ओआरएस बरं, पण एका पुडीला किती पाणी ते पुडीवर वाचूनच. लघवीच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. त्या परस्पर बंद करू नका.

एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर असेल आणि दुखणं तासन् तास थांबत नसेल, तर तो साधा गोळा समजून चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर त्याच क्षणी.