वारस नोंद, रात्रीचे विचार आणि संध्याकाळचे सात

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती. काम साधं, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू: काका काय म्हणतील, ताईला वाईट वाटेल का, तलाठी अजून कुठला कागद मागतील...

‘विचारच करू नकोस’ म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. मला उपयोगी पडली उलटी युक्ती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली: काळजीसाठी रोज ठरावीक वेळ, ठरावीक जागा, अर्धा तास. मी संध्याकाळचे सात धरले. गच्चीवरची खुर्ची आणि वही. एरवी विचार आला की ‘सातला बघू’. सातला वही उघडेपर्यंत निम्म्या काळज्या बाद झालेल्या असत.

उरलेल्यांना मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं ‘जर-तर’ सूत्र: अमुक झालं, की तमुक करायचं. ‘या आठवड्यात जाईन’ असं मोघम नाही. ‘सोमवारी चहाचा कप खाली ठेवला, की मृत्यू दाखला घेऊन बाहेर पडायचं’. ९४ चाचण्यांच्या २००६ मधल्या आढाव्यात अशा ठरावाचा परिणाम चांगलाच दिसला होता. ताईला फोनही तसाच, जेवण झाल्या झाल्या. ती म्हणाली, “अरे, सह्या कुठे करायच्या तेवढं सांग.”

अर्ज दिलाय. फेरफार मंजूर व्हायचाय.