अंड्यावरच्या कोंबड्यांना घरचं काय काय घालायचं

मे महिन्यात एक दिवस खुराड्यात हात घातला तर अंडं बोटाखाली दबलंच, कवच नाहीच, नुसतं पापुद्र्यातलं लिबलिबीत अंडं, आणि घरात लगेच टॉनिक आणा, इंजेक्शन आणा सुरू. अहो थांबा, आधी कोंबड्यांना कॅल्शियमसाठी शिंपल्याची भरड मिळतेय का बघा.

अंड्याचं कवच म्हणजे जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट. एका अंड्यामागे साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं आणि कवच चढायला 20 तासांच्या आसपास लागतात, त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, म्हणजे कोंबडी झोपलेली आणि खाणं बंद. म्हणून शिंपला संध्याकाळी द्यायचा, चारनंतर. पीठ करायचं नाही, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी भरड ठेवायची म्हणजे ती रात्रभर पोटात हळूहळू विरघळते. वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात कालवू नका, जिला हवं ती खाते. घरची अंड्याची टरफलं चालतात पण तव्यावर भाजून बारीक चुरा करूनच, अख्खी टाकलीत तर अंडी फोडून खायची सवय लागते आणि ती मग सुटत नाही (आमची एक अशीच रश्श्यात गेली). तलंगांना, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांना, मात्र अंडी सुरू व्हायच्या आधी शिंपला नको, जास्तीच्या कॅल्शियमने किडनीवर ताण येतो.

उन्हाळ्यात कवच पातळ होतं त्याला दुसरंही कारण आहे, कोंबडी धापा टाकते, खाते कमी. तेव्हा सावली आणि माठातलं गार पाणी ही पहिली गोष्ट, खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर.

आता प्रोटीन. अझोला, म्हणजे शेण कालवलेल्या पाण्यावर वाढवतात ती तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती, सगळे सांगतात, चांगलाच आहे, पण ओल्या अझोल्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यामुळे अझोल्यावर कोंबड्या पोसतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. शेणाचा वास जाईपर्यंत धुवायचा, पहिले काही दिवस धान्याच्या भरड्यात कालवून द्यायचा, नुसत्याला त्या तोंड लावत नाहीत.

मला स्वतःला वाळवीचं मडकं जास्त आवडतं. फुटकं मडकं घ्या, त्यात ओलं गोणपाट, शेण, थोडा पालापाचोळा कोंबा आणि वारुळाजवळ संध्याकाळी पालथं घाला, वर दगड. सकाळी उचललं की आत वाळवी वळवळत असते, खुराड्यापुढे झटका, दोन मिनिटांत साफ! फक्त शेतात वाळवीचं औषध मारलं असेल तर तिकडची नको. सुकट द्यायची तर धुऊन वाळवून, नाहीतर मीठ जास्त जातं.

बलक पिवळाधमक हवा तर लसूणघास, शेवग्याचा पाला, झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्या, पिवळा मका. त्याने रंग येतो, अंडी वाढत नाहीत हं.

हे सगळं वरचं खाणं आहे, पोटभर खाद्याच्या जागी नाही. अंड्यावरच्या लेयर कोंबडीला दिवसाला 110-120 ग्रॅम खाद्य लागतं, मोकळी फिरणारी गावरान निम्मं बाहेर शोधते. बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड किंवा मका स्वस्तात मिळतोय म्हणून आणू नका, त्यातल्या अफ्लाटॉक्सिनने लिव्हर जातं, आणि उन्हात वाळवून ते विष निघत नाही. वास आला की सरळ उकिरड्यावर, तोही कोंबड्या उकरतात तो नाही, लांबचा.