फरशीच्या कडेला बारमाही हिरवी झाडं: काळ्या मातीत काय टिकतं?

अंगणातल्या फरशीच्या कडेला लावायचं झाड पसंत करायला मे महिन्यात जावं. ऑगस्टमध्ये रोपवाटिकेतलं काहीही हिरवंगार दिसतं. उन्हाळ्यात फरशी तापली की कडेच्या झाडाला वरून ऊन आणि खालून धग, दोन्ही सोसावं लागतं. त्यात ज्याचं पान करपत नाही, तेच घ्यावं.

त्याआधी माती बघा. सांगली-मिरजेकडे कृष्णाकाठच्या काळ्या मातीत बऱ्याच ठिकाणी चुनखडी असते. मूठभर कोरड्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे, एक्झोराचा (गुच्छांनी फुलणारं झुडूप) नाद सोडा. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. (आधी जुनी पानं पिवळी पडली तर बहुतेक नत्र कमी आहे, तिथे शेणखत पुरतं.) लोहासाठी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड मिसळून संध्याकाळी फवारतात, पण फरशीवर आधी गोणपाट टाका. हिराकसचे तांबूस डाग घासून निघत नाहीत. साताऱ्यात डोंगराच्या अंगाला लाल, मुरमाड माती असेल तर एक्झोरा खुशाल लावा.

नवं घर असेल तर कडेची माती ही माती नसतेच. गवंड्यांनी टाकलेलं सिमेंट, खडी, विटांचे तुकडे, सगळं तिथेच गाडलेलं असतं. दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल चर काढून ते उपसा. भरताना दोन भाग चांगली माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू. वाफा फरशीपेक्षा दोन इंच खाली ठेवा, नाहीतर पहिल्याच वळवात चिखल फरशीवर येतो. फरशी आणि वाफा यांच्यामध्ये उभी वीट सिमेंटात बसवा. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि कडेची फरशी डुगडुगायला लागते ती यामुळेच. म्हणून ठिबकची नळीही झाडाच्या पलीकडच्या बाजूने टाकावी. द्राक्षबागेतली उरलेली चालते.

आता झाडं. तीन फुटांची गर्द कड हवी असेल तर कामिनी, दोन-दोन फुटांवर. पान चकचकीत, पावसाच्या सुमारास फुलांचा वास दरवळतो. मात्र लिंबू-मोसंबीजवळ लावू नका. लिंबावरची सायला ही रस शोषणारी बारीक कीड हिच्यावरही वाढते. जमीन क्षारपड असेल तर कोयनेल, म्हणजे कुंपणाला लावतात ती कडू मेंदी. दिसायला साधी, पण शेळ्याही तिला सहसा तोंड लावत नाहीत. पिवळा दुरांटा एक-एक फुटावर लावला की लवकर भरतो, म्हणून सगळ्यांना आवडतो. न छाटलेल्या फांद्यांना येणारी नारिंगी फळं विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर विचार करा. पुढच्या रांगेत आठ-नऊ इंचांवर रिओ, म्हणजे पानांची खालची बाजू जांभळी असलेलं ठेंगणं झाड. भिंतीच्या सावलीत मोंडो ग्रास, म्हणजे गवतासारखं दिसणारं बुटकं झाड. पाणी साचतं त्या कोपऱ्यात स्पायडर लिली.

फायकस कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, त्याची मुळं फरशी उचलतात. मोरपंखी रोपवाटिकेत देखणी दिसते, पण तापलेल्या भिंतीला टेकली की त्या बाजूने तपकिरी पडते आणि जुन्या लाकडातून पुन्हा फुटत नाही.

सांगलीकडे जूनअखेर पाऊस लागला की लावणी करावी. पाटण-महाबळेश्वरकडे जोराचा पाऊस ओसरेपर्यंत थांबावं, तोवर खड्ड्यात पाणी उभं राहून मुळं कुजतात. रोप पिशवीतल्या मातीच्या पातळीलाच बसवा, खोडावर माती चढवू नका.

पहिली छाटणी रोप फूटभर झाल्यावर शेंडा खुडून करायची. उंची गाठेपर्यंत थांबलात तर बुडाशी नुसत्या काड्या राहतात. नंतर ऑक्टोबर आणि फेब्रुवारी. कड खाली रुंद, वर किंचित निमुळती ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. एप्रिल-मेमध्ये कात्री लावू नका, आतली कोवळी पानं उघडी पडून भाजतात. कामिनीला कळ्या दिसायला लागल्या की छाटणी पुढे ढकलावी.