विदर्भातून ठाणे-नवी मुंबईत येणाऱ्यांसाठी: मार्चच्या उन्हाची तयारी

दरवर्षी होळीच्या सुमारास अकोला, अमरावती, नागपूरकडची कुटुंबे नोकरीनिमित्त घणसोली, खारघर किंवा घोडबंदर रस्त्याला राहायला येतात आणि येथील अडतीस अंशांचा आकडा ऐकून हसतात. पंचेचाळीस अंश सोसलेल्या माणसाने हसावे हे स्वाभाविक असले, तरी हवामान विभागसुद्धा हे दोन आकडे एकाच मापाने मोजत नाही. मैदानी प्रदेशात पारा चाळिशीला पोहोचल्यावरच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो; किनारपट्टीवर मात्र 37 अंश तापमान आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ एवढे पुरते. फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस असा इशारा ठाणे आणि मुंबईला मिळाला होता. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर 14 जण उष्माघाताने दगावले, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता.

या दिवसांत सकाळी वारा पूर्वेकडून, म्हणजे तापत्या जमिनीवरून येतो आणि दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे सुरू झाले की पारा चढायचा थांबतो. ज्या दिवशी पूर्वेचा वारा जोर धरतो आणि खारे वारे दोन-तीन वाजेपर्यंत अडून राहतात, त्या दिवशी भडका उडतो. बातम्यांत सांगितले जाणारे मुंबईचे तापमान कुलाबा आणि सांताक्रूझ येथील असते. ठाणे समुद्रापासून दूर आणि येऊरच्या डोंगरांच्या आड असल्यामुळे पुष्कळदा त्याहून अधिक तापते, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वाचावा.

आता कूलर. तो आणू नका. गावाकडचा लोखंडी कूलर टेम्पोत घालून आणणारे कुटुंब मला जवळपास प्रत्येक उन्हाळ्यात भेटते, आणि त्यांना समजावणे कठीण जाते, कारण पूर्वेचा कोरडा वारा असेपर्यंत तो कूलर खरोखरच चांगला चालतो. एप्रिलमध्ये हवेतील दमटपणा वाढला की गवतातले पाणी उडेनासे होते, खोलीत गारव्याऐवजी ओल भरते, अंथरूण चिकट लागते आणि कपाटातील चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. त्यात येथील सरकत्या काचांच्या खिडक्या अर्ध्याच उघडतात, त्यामुळे कूलर खिडकीबाहेर बसवता येत नाही आणि आतली दमट हवा बाहेरही जात नाही. मग टेम्पोचे भाडे गेले, मे महिन्यात कर्ज काढून एसी आला आणि कूलर भंगारात गेला, असा हिशेब होतो. तेव्हा ते पैसे आधीच एसीसाठी राखून ठेवावेत, आणि ते शक्य नसेल तर चांगला पंखा व समोरासमोर खिडक्या असलेले घर पाहावे. कूलर मात्र आणू नका.

आपल्याकडचा घाम अंगावरच सुकतो, येथे तो निथळत राहतो आणि त्याबरोबर मीठही जाते. म्हणून नुसते पाणी पीत न राहता कैरीचे पन्हे, मीठ घातलेले ताक किंवा कोकम सरबत घ्यावे. डोक्याला दुपट्टा बांधण्याची आपली सवय उत्तम आहे. येथील लोक पाहून हसतील, हसू द्यावे. हीच मंडळी उकाड्याची तक्रार दिवसभर करतात आणि भर दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला नटूनथटून उघड्या लॉनवर हजर असतात.

पाण्याची चौकशी भाडेकरारापूर्वी करावी, विशेषतः खारघरकडे.

घर पाहायला सकाळी जाऊ नये, कारण दलाल सकाळचीच वेळ देतो. दुपारी चारनंतर जावे, पश्चिमेकडच्या भिंतीला आतून हात लावून पाहावा आणि सर्वांत वरचा मजला असेल तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे की नाही हे विचारावे. शेड नसल्यास स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो, आणि भाडे कितीही कमी असले तरी ते घर घेऊ नये.